चाकं थांबली, पंखा नाही

१

विमान लहान होतं. शिकाऊ लोकांचं, दोन माणसांचं, पंख डोक्यावर छत्रीसारखे. चार दिवसांपूर्वी सकाळी साडेनऊच्या सुमारास ते उड्डाणासाठी धावलं, अर्ध्याहून जास्त पट्टी संपल्यावर थांबायला निघालं, पण थांबलं नाही. पुढच्या नाल्याच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळलं. डावीकडे बसलेल्या शिकाऊ बाई जागच्या जागी गेल्या. उजवीकडे बसलेले त्यांचे शिक्षक वाचले. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंना खात्यात टॉर्चबाई म्हणायचे. भर दुपारीही त्या टॉर्च घेऊनच मोडक्या विमानात शिरत. वय सत्तावन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. नोकरीची पहिली सोळा वर्षं विमानांची इंजिनं खोलण्यात गेली, पुढची मोडकी विमानं बघण्यात. हे या वर्षातलं पाचवं.

हँगरमध्ये सांगाडा आणून ठेवला होता. त्यांनी स्टूल ओढलं, टायरसमोर बसल्या आणि बराच वेळ बसूनच राहिल्या. दोन्ही टायर एकाच जागी घासून चपटे झाले होते, आत दोरे दिसत होते. म्हणजे ब्रेक जीव खाऊन दाबला होता, आणि तो शेवटपर्यंत सोडला नव्हता.

मग त्या उठून पुढे गेल्या. पंख्याच्या दोन्ही पात्यांची टोकं पुढच्या बाजूला वळली होती, केळीचं कोवळं पान वळतं तशी. इंजिन मंद असताना पंखा भिंतीवर आपटला तर पातं मागे दुमडतं. पुढे वळतं ते इंजिन पूर्ण जोरात असलं तरच.

त्यांनी पुन्हा टायर पाहिले, पुन्हा पाती पाहिली. मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीला विचारलं, "या विमानाचे ब्रेक कुणाच्या पायाशी?"

"फक्त डावीकडे, मॅडम. जुनं मॉडेल आहे."

"आणि थ्रॉटल?"

"मध्ये. पुढे ढकलून इंजिनाचा जोर वाढवता, मागे ओढून कमी करता येतो, दोघांनाही."

टॉर्चबाईंनी टॉर्च बंद केली. हे विमान थांबवायचं म्हणून कुणीतरी जिवाचं रान करत होतं, आणि त्याच वेळी कुणीतरी ते पळवत होतं.

२

कॅप्टन इस्पितळात होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, तीन बरगड्या मोडलेल्या. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण दाढी रोजची केलेली. त्यांनी खुर्ची दाखवली. "तिथं नको, इथं खिडकीकडे बसा. उजेडात."

टॉर्चबाई उजेडात बसल्या. डोळ्यांवर ऊन येत होतं. त्यांना वाटलं, हाही एक हट्टी म्हातारा.

"काय झालं ते सांगा."

"सगळं ठीक चाललं होतं," कॅप्टन म्हणाले. "वेग आला होता. आता नाक उचलायचं, एवढंच बाकी होतं. आणि बाई घाबरल्या. थ्रॉटल मागे ओढला आणि ब्रेकवर उभ्याच राहिल्या. काही कारण नाही. इंजिन ठणठणीत. होतं असं कधीकधी, शिकणाऱ्याचा धीर ऐनवेळी सुटतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? ब्रेक त्यांच्या पायाखाली. थ्रॉटल मागेच होता, तो तसाच धरून ठेवला."

टॉर्चबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढे पंख्याची पाती आली. हा माणूस खोटं बोलत होता, पण सराईतपणे नाही. नजर चादरीच्या काठावर होती.

चष्मा पुसायला कापड हवं म्हणून त्या पिशवीत वाकल्या आणि वाकल्यावाकल्याच विचारलं, "त्या आधी कधी घाबरल्या होत्या?"

"छान होत्या," कॅप्टन हसून म्हणाले. "शाळेत भूगोल शिकवायच्या."

पिशवीतला फोन वाजायला लागला. घरचा होता. तो वाजत असतानाही कॅप्टन बोलतच राहिले, बाईंना ढगांची नावं कशी पाठ होती ते सांगत राहिले. टॉर्चबाईंनी फोन बंद केला. वेदनेच्या गोळ्यांनी माणूस असा भरकटतो, असं त्यांना वाटलं, आणि वहीत त्यांनी तसं लिहिलंही.

बाहेर व्हरांड्यात बाकावर एक मुलगी बसली होती. बाविसेक वर्षांची. ती उठली. "तुम्ही चौकशीच्या मॅडम ना? ती माझी आई होती."

"मी नंतर बोलते तुझ्याशी."

"बोला. पण एक आत्ताच लिहून घ्या," मुलगी म्हणाली. "घरात एकदा गॅसच्या नळीला आग लागली होती. आईनं आधी कॉक बंद केला, मग ओला टॉवेल टाकला, आणि मग मागे वळून मला म्हणाली, बाहेर जाऊन उभी राहा. याच क्रमानं. ती घाबरून ब्रेक दाबणार नाही."

३

घाबरल्या नाहीत, तर मग कारण होतं. कारण होतं, तर त्याची काहीतरी खूण राहायला हवी.

दुसऱ्या दिवशी टॉर्चबाईंनी शिडी मागवली. गुडघ्यांना शिव्या घालत एकेक पायरी चढल्या आणि पंखांच्या वरची बाजू पाहिली. डावा पंख स्वच्छ. उजव्या पंखावर टाकीच्या झाकणापासून मागच्या कडेपर्यंत फिकट निळा ओघळ. विमानाच्या पेट्रोलात ओळखीसाठी निळा रंग घालतात. त्या खाली उतरल्या आणि शेपटीकडे गेल्या. तिथंही निळसर शिंतोडे, वाऱ्यानं लांबवलेले.

झाकण मात्र बंद होतं. चांगलं घट्ट बंद. सोडवायला पक्कड लागली.

"त्या दिवशी पेट्रोल कुणी भरलं?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्री पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. हातातलं फडकं दोन्ही हातांनी पिळत होता. "मीच, मॅडम. दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत."

टॉर्चबाईंनी मोजपट्टी घातली. डावी टाकी गळ्यापर्यंत होती. उजवी चार बोटं कमी. टाकी फुटलेली नव्हती.

"दोन मिनिटांत चार बोटं?"

मिस्त्री मोजपट्टी फडक्यानं पुसायला लागला.

"बरं, ते राहू दे. कॅप्टन कसे आहेत माणूस म्हणून?"

या प्रश्नानं त्याला हायसं वाटलं. "देवमाणूस. इंजिनाची नस न् नस ठाऊक. इंजिन चालू केलं की वरच्या पत्र्यावर तळहात ठेवून सांगतात, कुठला सिलिंडर रुसलाय ते."

"तळहात ठेवून? कानानं नाही?"

"पूर्वी कानानंच सांगायचे," मिस्त्री म्हणाला, आणि पुढे काहीतरी बोलणार होता ते त्यानं गिळलं.

टॉर्चबाई बाकावर टेकल्या. दमल्या होत्या. ओरडण्याचं त्राण नव्हतं आणि तशी इच्छाही नव्हती. "हे बघ," त्या म्हणाल्या, "झाकण उघडं होतं. नंतर कुणीतरी लावलं, आणि घाबऱ्याघुबऱ्या लावलं म्हणून गरजेपेक्षा जास्त आवळलं. मला तुझ्याकडूनच ऐकायचंय."

मिस्त्री खाली जमिनीवरच बसला. सांगायला लागला. शिकाऊ बाईंची विमानाची तपासणी करून झाली होती, कागदावर खुणाही केल्या होत्या. त्यानंतर कॅप्टन म्हणाले, टाक्या पुऱ्या भर. उजवी भरून होते न होते तोच फाटकावरून त्याला हाक आली. झाकण नुसतं वर ठेवून तो उतरला. परत आला तर विमान निघालं होतं. वाटलं, बसलं असेल नीट. अपघातानंतर पहिला तोच पोचला. कॅप्टनना ओढून काढलं आणि पुन्हा आत शिरण्याऐवजी पंखावर चढला.

"त्या गेलेल्या होत्या, मॅडम. देवाशपथ, मी बघितलं होतं आधी."

"आणि कॅप्टनना हे ठाऊक आहे?"

"नाही. त्यांना कोणीच काही सांगितलेलं नाही."

टॉर्चबाईंची पेन्सिल थांबली. "कोणीच म्हणजे? तुझ्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक आहे?"

४

मिस्त्रीची नजर एकदा वरच्या मजल्याकडे गेली. हँगरच्या वर चारही बाजूंनी काचा असलेली रेडिओची खोली होती. तिथं बसणारा गृहस्थ म्हणजे कॅप्टनचा सख्खा धाकटा भाऊ. सगळे त्याला धाकटे म्हणत. पंचावन्न वर्षांचा झाला तरी धाकटेच.

खोली लख्ख होती. टेबलावर दुर्बीण, रेडिओ, नोंदवही. संभाषण टिपून ठेवणारं यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. दोन वर्षांपासून बंद, म्हणाले. अर्ज केलेले आहेत.

"मी परवानगी दिली आणि नोंद करायला मान खाली घातली," धाकटे म्हणाले. "धडाड आवाज झाला तेव्हाच वर पाहिलं. मग घंटा दाबली."

"मधे काही बोलणं?"

"काहीच नाही."

उत्तरं अशी झटपट येत होती की जणू आरशासमोर घोकून ठेवलेली. टॉर्चबाईंनी नोंदवही उघडली. परवानगीची वेळ होती, अपघाताची वेळ होती. मधे कोरं.

खाली अग्निशामक गाडीचा ड्रायव्हर सावलीत बसला होता. त्याला सगळे बंबवाला म्हणत. त्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं, आणि याचा त्याला थोडा रागही होता.

"मी चार मिनिटांत पोचायला हवं असा नियम आहे," तो म्हणाला. "मी दोनमध्ये पोचलो. लिहा तसं."

"लिहिते. कसे काय पोचलात?"

"घंटा वाजली तेव्हा बूट काढलेले होते. एक बूट घातला, दुसरा घातला, नाडी बांधायला वाकलो आणि तेव्हा तो आवाज झाला. मग काय, नाडी तशीच सोडून पळालो."

टॉर्चबाईंनी पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवलं. "आधी घंटा वाजली, मग आवाज?"

"दोन बूट घालून होतील एवढा वेळ मधे," बंबवाला म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर घालून दाखवतो."

५

मुलाखतीला टॉर्चबाईंनी मुलीला चहाच्या टपरीवर बोलावलं, कारण कार्यालयात तिला बोलवावंसं वाटेना.

"आई घरी इस्त्री करताना रेडिओवरची वाक्यं म्हणायची," मुलगी सांगत होती. "पहिल्या दिवसापासून रेडिओ तिच्याकडेच होता. कॅप्टन म्हणायचे, ऐकणं तुम्ही, बोलणं तुम्ही, मी फक्त बघणार. तिला त्याचा केवढा अभिमान. इतर ठिकाणी म्हणे महिना-महिना हात लावू देत नाहीत."

टॉर्चबाई काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता. घरी सासऱ्यांनी पुन्हा घोळ घातला होता. गॅसवाल्यानं दारात काहीतरी विचारलं, सासरे हसून 'हो हो' म्हणाले, आणि गॅसवाला सिलिंडर परत घेऊन गेला. "त्यांना ऐकू आलं नाही की ते हसतात गं," नवरा वैतागून म्हणाला. "आणि काहीतरी भलतंच गोड बोलतात. समोरच्याला वाटतं, कळलं."

टॉर्चबाईंनी फोन खाली ठेवला. चहा निवला होता. खिडकीकडची खुर्ची. तोंडावर पडलेलं ऊन. 'छान होत्या, भूगोल शिकवायच्या.' वाजणारा फोन, आणि तरीही सावकाश बोलत राहिलेला माणूस. स्वतःच्या घरात चार वर्षं रोज बघत होत्या त्या, आणि इस्पितळात ओळखता आलं नव्हतं.

त्या तडक हँगरमध्ये गेल्या, टॉर्च घेऊन आत शिरल्या. दोन हेडफोन तारांना लोंबकळत होते. डावीकडच्याचं आवाजाचं बटण मधोमध होतं. उजवीकडच्याचं शेवटच्या टोकाला, आणि वापरून वापरून त्या टोकाला पत्रा झिजला होता.

अर्ध्या तासानं रेडिओच्या खोलीत धाकटे होते, मिस्त्री होता आणि त्या होत्या. त्यांनी उभ्यानंच सुरुवात केली, कारण बसल्या तर पुन्हा उठवणार नाही अशी भीती होती.

"मिस्त्रीनं झाकण उघडं ठेवलं. विमान धावायला लागल्यावर पेट्रोल पांढऱ्या धुरासारखं उडायला लागलं. आतल्या दोघांना ते दिसणं शक्य नव्हतं, पंख डोक्यावर आहेत. दिसलं ते तुम्हाला, वरून. आवाज होण्याआधी घंटा वाजली, म्हणजे तुम्ही मान खाली घालून बसलेले नव्हतात. आणि जो माणूस घंटा दाबतो, तो त्याआधी विमानाला थांबा म्हटल्याशिवाय राहत नाही. तुम्ही म्हणालात?"

धाकट्यांनी मान हलवली. होय.

"बाईंनी ऐकलं. शिकवल्याप्रमाणे थ्रॉटल मागे घेतला, ब्रेक दाबला. पट्टी उरली होती, विमान थांबलं असतं. पण शेजारच्या माणसाला तुमचा आवाज पोचलाच नाही. त्यांना एवढंच दिसलं की शिकाऊ बाईंनी उडायच्या क्षणी सगळं सोडून दिलं. थांबण्यापेक्षा उडणं बरं असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी थ्रॉटल पुढे दाबला. पाय त्यांचे ब्रेकवर, हात यांचा थ्रॉटलवर. विमान ना थांबलं ना उडलं. तुमच्या दादांना ऐकू येत नाही. कधीपासून?"

धाकट्यांनी उघडी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "सहा वर्षं. आधी कमी होतं."

"दर वर्षी डॉक्टरांची तपासणी असते."

"डॉक्टर मागे उभे राहून कुजबुजतात. मी समोरच्या खुर्चीत बसायचो. तोच शब्द ओठांनी करायचो." त्यांनी कपाळ पुसलं. "दादा तीस वर्षं उडतोय, मॅडम. जमिनीवर बसवला असता तर तो मेला असता."

"मेलं दुसरंच कोणी," टॉर्चबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवर बसल्या. आवाज न चढवता पुढे म्हणाल्या, "तुम्ही थांबा म्हणालात. त्यावर पलीकडून काही आलं होतं का?"

धाकटे रडायला लागले.

६

कॅप्टन पलंगावर उठून बसले होते. टॉर्चबाई आपणहून खिडकीजवळ, उजेडात बसल्या. चेहरा सरळ त्यांच्याकडे ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. झाकणाचं. पांढऱ्या धुराचं. धाकट्याच्या हाकेचं.

ते त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. अर्ध्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि मग लक्षात आलं असावं की डोळे मिटले तर पुढचं कळणार नाही. पुन्हा उघडले.

"थ्रॉटल मी पुढे केला," ते म्हणाले. "तुमच्याशी खोटं बोललो. वाटलं, बाई तर गेल्याच आहेत, चूकही त्यांचीच होती, मग माझी एक चूक कशाला सांगायची."

"चूक त्यांची नव्हती."

"नाही," कॅप्टन म्हणाले. "मी त्यांचे ओठ हलताना पाहिले होते. शेवटी. त्या समोर बघत होत्या, त्यामुळे वाचता आलं नाही. इतके दिवस मला वाटतंय की त्या किंचाळत होत्या. काय म्हणत होत्या?"

"धाकट्यांना उत्तर देत होत्या. 'थांबतेय.' एवढंच."

कॅप्टननी मान खाली घातली. मग कागद मागितला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हातानं लिहायला बसले. लहान मुलासारखी वाकडी अक्षरं येत होती. टॉर्चबाईंनी मदत करू का विचारलं, पण ते कागदाकडे बघत होते, त्यांना कळलं नाही. चार ओळींना पाऊण तास लागला. पहिल्याच ओळीत, बाईंनी सर्व काही बरोबर केलं, असं होतं.

खालच्या व्हरांड्यात मुलगी उभी होती. तिच्यासमोर धाकटे. त्यांना तिथं टॉर्चबाईंनीच बोलावलं होतं. पुढे काय व्हायचं ते होईल, परवाने जातील, खटला उभा राहील, मिस्त्रीची नोकरी जाईल. ते सगळं अहवालात येणार होतं. हे अहवालात बसणारं नव्हतं.

"आवाज कसा होता तिचा?" मुलीनं विचारलं.

"शांत होता," धाकटे म्हणाले. "फळ्यावर लिहितालिहिता मागच्या बाकावरच्याला उत्तर द्यावं, तसा."

"म्हणून दाखवा."

धाकट्यांनी टॉर्चबाईंकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "थांबतेऽय."

"नाही," मुलगी म्हणाली. "ती शेवट असा ओढायची नाही. तुम्ही घाबरलात म्हणून तसं म्हणताय. नीट आठवा."

धाकट्यांनी भिंतीला हात टेकवला. मग त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, आखूड, सपाट, कामातल्या माणसासारखा.

मुलीनं मान डोलावली. बाकावर बसली आणि पहिल्यांदाच रडली.

टॉर्चबाई तिच्या शेजारी बसल्या. पुढची गाडी दीड तासानं होती, आणि उठायची त्यांना घाई नव्हती.